बसथांबा आणि खिशातला दूरध्वनी

पुण्यातल्या बसथांब्यावर नवा माणूस येऊन उभा राहिला, की त्याने शेजाऱ्याला विचारावयाचा पहिला प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला होता : "गेली का हो?" कोण गेली, हे सांगावे लागत नसे. "आत्ताच गेली," असे उत्तर आले तर विचारणाऱ्याचा चेहरा उतरे. आणि "नाही, आम्हीही तिच्यासाठीच उभे आहोत," असे आले, तर नावगाव ठाऊक नसतानाही दोघांत एक प्रकारचे सख्य जुळे. मग ऊन, महागाई आणि महानगरपालिका या क्रमाने बोलणे पुढे सरके. बस आली की ते सख्य तेथेच संपे, कारण खिडकीजवळची जागा एकच असे.

हा प्रश्न अलीकडे कमी ऐकू येतो. स्वारगेटला, डेक्कनला किंवा मनपाच्या स्थानकावर सायंकाळी पाहावे, तर रांगेतल्या बहुतेक माना खाली असतात आणि प्रत्येकाच्या तळहातावर एक उजळ काच असते. त्या काचेवर एक नकाशा, नकाशावर एक ठिपका, आणि ठिपक्याखाली 'सात मिनिटे' अशी अक्षरे. शेजाऱ्याला विचारण्याचे कारण उरलेले नाही. सरकारी भाषेत या काचेला भ्रमणध्वनी म्हणतात. पण बसच्या रांगेत उभे राहून तो शब्द उच्चारणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाही, म्हणून आम्हीही मोबाईलच म्हणतो. या मोबाईलने बस बदललेली नाही, बसची वाट पाहणे बदलले आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि हा बदल वाटतो तितका लहान नाही.

वस्तुतः वाहन आणि हा फिरता दूरध्वनी यांचे नाते जन्मापासूनचे आहे. माणसाने खिशात घालावे म्हणून तो निघाला नाही. तो मोटारीसाठी निघाला. १९४६ च्या जूनमध्ये अमेरिकेतील सेंट लुई या शहरात मोटारीतून दूरध्वनीवर बोलण्याची सोय प्रथम सुरू झाली. ते यंत्र एखाद्या शाळकरी मुलाच्या वजनाचे होते आणि गाडीच्या मागच्या पेटीत ठेवावे लागे. त्याची खरी अडचण वजनाची नव्हती. साऱ्या शहरासाठी एकच उंच मनोरा, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या ध्वनिलहरी अगदी मोजक्या. त्यामुळे एकाच वेळी तिघाचौघांहून अधिक लोकांना बोलता येत नसे. लाख लोकांच्या शहरात तिघांनी बोलावे आणि बाकीच्यांनी वाट पाहावी, अशी ती सोय!

यावरची तोड बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी १९४७ साली कागदावर मांडली. तोड मोठी घरगुती आहे. एकच मोठा दिवा लावण्याऐवजी लहान लहान दिवे लावावेत. शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घर पाडावेत, प्रत्येक घराला आपला लहानसा मनोरा द्यावा, आणि लांबच्या दोन घरांत त्याच लहरी पुन्हा वापराव्यात. मनोरा दुबळा असल्यामुळे एका घरातला आवाज दूरच्या घरात पोचत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. आता आपण स्वारगेटला पुणे स्टेशनच्या बसमध्ये बसून घरी बोलू लागलो, असे समजा. बस पुढे जाते, तसा स्वारगेटच्या मनोऱ्याचा आवाज क्षीण होत जातो आणि पुढच्याचा वाढत जातो. मागचा मनोरा आपले बोलणे पुढच्याच्या हाती देतो, पुढचा त्याच्या पुढच्याच्या. बोलणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. पूर्वीच्या काळी डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्यावर थैली बदलीत, त्यातलाच हा प्रकार; फक्त थैली बदलण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. हातात धरून बोलता येईल अशा यंत्रावरचे पहिले संभाषण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर १९७३ साली मार्टिन कूपर यांनी केले, आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी ही घरांची पद्धत तोकियोत १९७९ साली प्रत्यक्षात आली.

आपल्या देशात पहिले असे संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस झाले. बोलणारे होते ज्योती बसू आणि ऐकणारे सुखराम. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता, आणि दुसऱ्याने केलेला फोन घेतला तरी पैसे पडत. अशा दरात कोण बोलणार? पण मराठी गृहस्थ खर्चाला भिऊन गप्प बसणारा नव्हे. त्याने न बोलता निरोप पोचविण्याची युक्ती अंगी बाणवली. तिचे नाव 'मिस्ड कॉल'. घंटा एकदा वाजवावयाची आणि बंद करावयाची. एकदा वाजली म्हणजे बस मिळाली. दोनदा वाजली म्हणजे थांब्यावर उतरलो, आता कुकर लावायला हरकत नाही. २००३ पासून येणाऱ्या फोनचे पैसे पडेनासे झाले, २०१६ नंतर तर माहितीचे दरही कोसळले, तरी या खुणा अनेक घरांत बराच काळ टिकल्या. पुण्याच्या बसचा आणि मोबाईलचा पहिला व्यवहार हा असा होता. बस केव्हा येईल, हे मोबाईल सांगू शकत नव्हता; आलेली बस मिळाली, एवढेच तो घरी सांगे.

'बस केव्हा येईल' हे सांगणे त्याला कसे जमू लागले, ते पाहू. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली आणि सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खाजगी कंपनीची बससेवा पालिकेकडे येऊन तिची पीएमटी झाली. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन्ही परिवहन संस्था एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. (साठी उलटलेले पुणेकर अजून पीएमटीच म्हणतात, आणि त्यांना कोणी दुरुस्त करू नये.) या संस्थेचे स्वतःचे मोबाईल ॲप २०२४ साली निघाले, त्यावर तिकीट काढता येते आणि बस कोठे आहे हेही दिसते.

हे दिसते कसे? बसमध्ये एक लहानशी पेटी असते. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात : मी अमुक, आणि आता माझ्या घड्याळात अमुक वाजले. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने निघतो, तरी बसपर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला, यावरून पेटी त्या उपग्रहाचे अंतर काढते. एका उपग्रहापासूनचे अंतर कळून भागत नाही. निदान चार लागतात. तीन अंतरांनी जागा ठरते, आणि चौथ्याने पेटीतल्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारते. या चुकीला फार महत्त्व आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी गफलत झाली, तर बस ३०० मीटर बाजूला दिसेल. म्हणजे एका थांब्यावरची जवळजवळ दुसऱ्या थांब्यावर.

उपग्रहाला मात्र या बसची काहीच खबर नसते, हे ध्यानात ठेवावे. तो बोलतो, ऐकत नाही. जागा पेटीनेच काढली आहे. ती आता जगाला कळवावयाची तर पेटीत आपल्या खिशातल्यासारखेच एक सिमकार्ड असावे लागते. म्हणजे बसपाशीही एक मोबाईल आहे, आणि तीही दर थोड्या वेळाने 'मी येथे आहे' असा निरोप मुख्य संगणकाला धाडीत असते. घरी मिस्ड कॉल देणाऱ्या गृहस्थात आणि तिच्यात फारसा फरक नाही. मुख्य संगणक ती जागा मार्गावरच्या थांब्यांशी ताडून पाहतो, उरलेल्या अंतराला वेगाने भागतो, आणि भागाकार आपल्या काचेवर उमटतो.

आता या भागाकाराचे दुखणे पाहा. अंतर खरे आहे, पण वेग हा अंदाज आहे. लकडी पुलावर किंवा सिंहगड रस्त्यावर सायंकाळी सहा वाजता वेग किती धरावा? म्हणून 'पाच मिनिटे' हे शब्द कधीकधी पंधरा मिनिटे काचेवर तसेच राहतात. संगणक खोटे बोलत नाही. रस्ता मोकळा असता तर त्याचे म्हणणे खरे ठरले असते. पुष्कळ ठिकाणी आणखी एक प्रकार आढळतो. पेटी मुकी झाली की नकाशा तिच्या जागी वेळापत्रकातली वेळ दाखवितो. ती कागदावरची बस असते. ठिपका हलतो आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच शहाणपणाचे. न हलणाऱ्या ठिपक्यावर विसंबून चहा मागवू नये.

इतक्या खटाटोपाचा उपयोग काय? वाट पाहण्याचे शास्त्र सांगते, की किती वेळ उभे राहावे लागेल हे ठाऊक नसले म्हणजे तोच वेळ लांबट भासतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात विद्यापीठातल्या मंडळींनी बसची खरी जागा कळविणारी सोय २००८ साली तयार केली, आणि मग थांब्यावर घड्याळ घेऊन उभे राहून लोकांना प्रश्न विचारले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे दिसले, की ज्यांच्यापाशी ही माहिती नव्हती त्यांना आपण प्रत्यक्षाहून अधिक वेळ उभे आहोत असे वाटत होते. ज्यांच्यापाशी होती त्यांना तसे वाटत नव्हते. शिवाय ही दुसरी मंडळी घरातून बेताने निघत, त्यामुळे त्यांचे उभे राहणेही सरासरी दोनेक मिनिटांनी कमी झाले होते. बस दोघांची एकच होती.

थोडे बसमध्येही चढून येऊ. एके काळी कंडक्टरच्या हातातला पंच टिकटिक करी आणि रंगीबेरंगी तिकिटांची पेटी त्याच्या काखेत असे. पुढे तिकीट छापणारे यंत्र आले. पण कंडक्टर आणि प्रवासी यांच्यातला सनातन कलह यंत्राने मिटला नाही. तो सुट्ट्या पैशांचा होता. "सुट्टे द्या" या दोन शब्दांवर या शहरात जितके वाद झाले असतील, तितके राजकारणावरही झाले नसतील. २०२३ पासून बसमध्ये मोबाईलने पैसे देता येऊ लागले, आणि १ जून २०२५ पासून किमान भाडे १० रुपये होऊन पुढचे टप्पे दहाच्या पटीत बांधले गेले. भाडेवाढ खिशाला लागली हे खरेच; पण पाच रुपयांच्या नाण्यासाठी कंडक्टरच्या मागे दारापर्यंत जाण्याचा प्रसंगही तिने टाळला. मोबाईलने पैसे देण्यात मात्र एक नवीन उशीर आहे. प्रवाशाचा निरोप आधी त्याच्या बँकेत, मग कंडक्टरकडच्या खात्याच्या बँकेत, आणि मग उलट वाटेने परत, असा फिरतो. गर्दीत, चालत्या बसमध्ये, एका मनोऱ्याच्या घरातून दुसऱ्यात शिरताना हे चक्र कोठेतरी अडते, आणि दोन थांब्यांचे भाडे फिरते आहे तोवर ते दोन थांबे निघून जातात. आम्ही म्हणून एक दहाची नोट वरच्या खिशात वेगळी ठेवतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. शेजारी बसलेल्या दोघांच्या गप्पा आपल्याला फारशा बोचत नाहीत. पण शेजारचा एकटा मनुष्य फोनवर बोलू लागला की पुस्तकातली ओळ पुढे सरकत नाही. यात आपला स्वभाव चिडका आहे असे नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रयोग करून दाखविले, की पूर्ण संभाषण कानावर पडले तर हातातल्या कामावरचे लक्ष फारसे ढळत नाही, अर्धेच पडले तर ढळते. "हो ना! ... नाही नाही, मी तिला तेव्हाच सांगितले होते ... मग?" आता त्या 'मग'चे उत्तर मिळेपर्यंत आपले मन स्वस्थ बसत नाही. उरलेले अर्धे संभाषण ते आपण होऊन रचू लागते. त्यातून काही जण बसमध्ये चित्रपटातली गाणी मोठ्याने लावतात, त्याला तर शास्त्राचीही गरज नाही. मुंबईच्या बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये फोनवर मोठ्याने बोलण्यास आणि कानातल्या यंत्राशिवाय चित्रफिती लावण्यास बंदी केली. जपानमध्ये आगगाडीत फोनवर बोलू नये हा रिवाज इतका मुरलेला आहे, की घंटा बंद ठेवण्याच्या कळीला तेथे 'शिष्टाचार' या अर्थाचेच नाव आहे. पुण्यात असा रिवाज पडेल असे मानण्यास आम्हांस अद्याप आधार दिसत नाही. व्याख्यानाच्या मांडवातदेखील वक्ता रंगात आला, की कोणाच्या तरी पिशवीतून सनईचे सूर निघतात.

आणि एक कबुली. मध्यंतरी बसमध्ये मोबाईलवर लेख वाचण्यात आम्ही इतके गढलो, की उतरण्याचा थांबा मागे पडला. कंडक्टर म्हणाला, "काका, बस कुठे आहे ते त्यात दिसतं ना? मग बघत काय होतात?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता परत थांब्यावर येतो, कारण आम्हांस खरे सांगावयाचे ते तेथलेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही एका थांब्यावर उभे होतो. सावली नव्हती. सत्तरीच्या पुढच्या एक आजी आल्या. हातात पिशवी, पिशवीत औषधांचा कागद. थांब्यावर पाचसात माणसे होती. त्यांनी विचारले, "गेली का हो?" कोणी मान वर केली नाही. कानांत यंत्रे होती, त्यामुळे उद्धटपणाचा आरोपही करता येत नाही. आम्ही मोबाईल काढून पाहिले आणि सांगितले, "आजी, बारा मिनिटे आहेत. तोवर त्या दुकानाच्या पायरीवर सावलीत बसा, आली की हाक मारतो." त्या बसल्या. वस्तुतः त्या पाचसात जणांना ती बारा मिनिटे ठाऊकच होती, आणि त्यांतले निम्मे सावलीत जाऊन उभेही होते. उन्हात उभ्या राहणार होत्या त्या एकट्या आजी. कारण बस दिसली आणि धावावे लागले तर त्यांच्याने धावणे होणार नव्हते.

आठवड्याने त्याच थांब्यावर आमच्या मोबाईलची बॅटरी संपली. तेव्हा कळले, की आम्ही आजींच्याच जागी उभे आहोत. पूर्वी न कळण्यात सारे सारखे होते. आता ज्याला कळते तो घरातून वेळेवर निघतो, सावलीत उभा राहतो, बस लांब असेल तर रिक्षा करतो. ज्याला कळत नाही, तो पूर्वीइतकाच उभा राहतो, आणि त्याला सांगणारा शेजारी मात्र आता उरलेला नाही.

अशी माणसे थोडी आहेत असे समजू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरावयाचा मोबाईल आहे, असे आढळले. तो साधा की नकाशा दाखविणारा, हा हिशेब वेगळाच. यात आजींच्या वयाची माणसे धरलेली नाहीत, आणि पास काढून शाळेला जाणारी मुलेही नाहीत. चार घरची धुणीभांडी करून परतणाऱ्या बाई, भाजीची पाटी घेऊन मंडईतून निघालेली म्हातारी, दप्तर पाठीवर टाकलेला सातवीतला मुलगा, म्हणजे ज्यांना बसवाचून दुसरे वाहन नाही तेच या माहितीवाचून राहतात. ज्याच्या घरी दोन मोटारी आहेत, त्याला मात्र बस कोठे आहे हे पलंगावर पडल्यापडल्या दिसते!

हे असेच चालावयाचे, असा काही नियम नाही. आपल्याच शहरात याहून निराळी व्यवस्था जमिनीखाली दिसते. ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो सुरू झाली, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ती दिवाणी न्यायालयाहून मुठेच्या पात्राखालून मंडईवरून स्वारगेटपर्यंत धावू लागली. तेथील फलाटावर पुढची गाडी किती मिनिटांनी येणार, हे फलकावर लिहून येते. मोबाईल असणारा आणि नसणारा दोघेही मान वर करून एकच आकडा वाचतात. मेट्रोला वेगळा रूळ आहे आणि वाटेत सिग्नल, हातगाडी किंवा मिरवणूक आडवी येत नाही, म्हणून तिचा आकडा अधिक खरा ठरतो, हे मान्य. पण बसचा आकडा जितका खरा काचेवर, तितकाच खरा थांब्यावरच्या फलकावरही असेल. तो एकाच संगणकातून यावयाचा. लंडनमध्ये मोबाईल घरोघर पोचण्याच्या आधीच, १९९० नंतरच्या दशकात, बसथांब्यांवर असे फलक लागू लागले होते. खर्च आहे, वीज लागते, पावसाळ्यात बिघाड होतो, काचा फुटतात; हे सारे आक्षेप रास्त आहेत. सगळ्या थांब्यांवर फलक लावणे झेपणार नाही, असेही कोणी म्हणेल. मग जेथे दवाखाने आहेत, शाळा आहेत, मंडई आहे, तेथून आरंभ करावा. आणि तोही होईपर्यंत निदान मार्गांचे क्रमांक, पहिली गाडी, शेवटची गाडी आणि मधले अंतर एवढे तरी रंगाने लिहिलेले असावे. दुपारी एक ते चार दुकान बंद असल्याची पाटी, येथे गाडी लावू नये अशी पाटी, पत्ता विचारू नये अशी पाटी. पाट्यांच्या बाबतीत या शहराचा हात कोणी धरू शकत नाही. आणि जेथे माणूस खरोखरच काही वाचावयास उत्सुक असतो, त्या बसथांब्यावर तो सहसा डोकावतो तो एखाद्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

त्या आजी आम्हांस पुढेही दोनतीनदा त्याच थांब्यावर भेटल्या. त्यांच्या नातवाने त्यांना मोबाईल घेऊन दिला आहे, पण नकाशावरची अक्षरे बारीक आहेत आणि बोट लागले की नकाशा भलतीकडे जातो. त्यांनी स्वतःपुरती तोड काढली आहे. आल्या आल्या त्या रांगेतल्या सर्वांत तरुण मुलाच्या खांद्याला हात लावतात. तो दचकून कानातले यंत्र काढतो. मग त्या विचारतात, "गेली का रे बाळा?" आणि तो काचेकडे पाहून त्यांना मिनिटे सांगतो.